डर्बी ते नॉटिंगहॅम, क्लफमार्गे

माझ्या हिशेबाने साडेतीन तारे, बाबांच्या हिशेबाने पाच. चार टाकलेत. का, ते खाली येईल.

आधी कामाचं. ही कुठल्या कंपनीची टूर नव्हे. इंग्लंडातल्या डर्बीतले एक निवृत्त बसड्रायव्हर स्वतःच्या आठ सीटच्या व्हॅनमधून, आठवड्यातले दोन दिवस, डर्बी आणि नॉटिंगहॅम या शेजारच्या दोन वैरी शहरांचे संघ मोठे करून गेलेल्या ब्रायन क्लफ या फुटबॉल मॅनेजरच्या (म्हणजे संघाच्या मुख्य कोचच्या) मागावर माणसं फिरवतात. सकाळी साडेनऊला डर्बी स्टेशनसमोरून उचलतात, साडेचारच्या सुमारास तिथेच सोडतात. माणशी ४५ पौंड. ज्येष्ठांना सवलत नाही (विचारलं, ‘मी स्वतःच ज्येष्ठ आहे’ असं उत्तर आलं). त्यात दुपारचा एक कॉब आणि थर्मासमधला चहा. कॉब म्हणजे मोठा बनपाव, आत चीज आणि कच्चा कांदा. वेबसाइट वगैरे काही नाही. मला त्यांचं कार्ड नवऱ्याच्या न्हाव्याच्या काउंटरवर सापडलं. नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणूस तसा भला आहे. डर्बीत दोन-चार सलूनमध्ये विचारलंत तर पत्ता लागेल.

ही फेरी मी घेतली बाबांसाठी. बाबा कोल्हापूरचे. शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवलं, शाळेचा फुटबॉल संघ सांभाळला. घरात चुलते पाटाकडीलचे, मामा दिलबहारचे (दोन्ही तालमींचे फुटबॉल संघ, एकमेकांचे कट्टर वैरी), त्यामुळे शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्याकडे संध्याकाळी कोणीतरी जेवायचं नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर बाबा इकडे आले आणि तिसऱ्या आठवड्यात बागेतलं सगळं गवत कापून मोकळे झाले. क्लफ कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही. १९७९ साली ते स्वतः कॉलेजकडून खेळायचे, तेव्हाच त्यांनी वाचलं होतं की नॉटिंगहॅम फॉरेस्ट नावाच्या संघाने युरोपियन कप जिंकला. फक्त ‘फॉरेस्ट’ म्हणजे तिथल्या वनखात्याची टीम असणार, असं त्यांना कितीतरी दिवस वाटत होतं. आपल्याकडे पोलीस, रेल्वे, एअर इंडिया यांच्या टीम असायच्याच की.

व्हॅनमध्ये आम्ही दोघं, एक किडकिडीत पंचविशीतला, फॉरेस्टचा पाठीराखा पोरगा, आणि एक मध्यमवयीन जोडपं: बाई नॉटिंगहॅमच्या, पक्क्या फॉरेस्टच्या, नवरा लिव्हरपूलचा. गाईड स्वतः डर्बी काउंटी या संघाचे, आणि तेही असे की पांढऱ्या-काळ्या मफलरशिवाय त्यांचा गळा मला दिवसभरात दिसला नाही. बाबांना बघताच ते ‘आय अप, मी डक’ म्हणाले. या भागात अनोळखी माणसालाही लाडाने डक म्हणतात. बाबा माझ्याकडे वळले, “बदक म्हणाला काय गं मला?”

पहिला थांबा प्राइड पार्क, डर्बीचं आताचं मैदान. बाहेर दोन माणसांचा ब्राँझचा पुतळा आहे, क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर. २०१० मध्ये बसवलेला. इथे गाईड खरे रंगात येतात. माहिती पाठ केलेली नाही, जगलेली आहे. १९६७ मध्ये ही जोडी आली तेव्हा डर्बी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडत होती, १९६९ ला वर चढली आणि १९७२ ला चक्क लीग जिंकली. लीग जिंकली त्या रात्री संघ टेलरबरोबर मायोर्कात सुट्टीवर होता आणि क्लफ बायको-पोरांना घेऊन सिली बेटांवर. आपले सामने संपले होते, बाकीचे घसरले आणि हे चॅम्पियन झाले. बाबांना हे फार आवडलं. “म्हणजे रजेवर असताना प्रमोशन,” म्हणाले. मग १९७३ च्या ऑक्टोबरात चेअरमनशी बिनसलं, दोघांनी राजीनामे फेकले, आणि डर्बीची माणसं त्यांना परत आणा म्हणून रस्त्यावर उतरली. खेळाडूही मागे उभे राहिले. उपयोग झाला नाही. त्यानंतर लीड्समध्ये फक्त ४४ दिवस, आणि १९७५ च्या जानेवारीत क्लफ गेले कुठे, तर शेजारच्या शत्रूकडे. फॉरेस्टला.

इथे पोरग्याने तोंड उघडलं. त्याचं म्हणणं, हा पुतळा दिशाभूल करतो. टेलर जन्मले नॉटिंगहॅममध्ये. १९८२ मध्ये ते फॉरेस्ट सोडून गेले आणि काही महिन्यांत डर्बीचे मॅनेजर झाले. पुढच्या वर्षी फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन त्यांनी डर्बीला नेला, क्लफना आधी एका शब्दाने न सांगता. त्यानंतर क्लफ आणि टेलर एकमेकांशी बोलले नाहीत. १९९० मध्ये टेलर गेले तोपर्यंत नाहीत. “आणि तुम्ही त्यांना इथे जोडीने उभं केलंत.”

गाईड शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे असताना ते बोलत होते.”

मी भाषांतर करत होते आणि ‘लॉयल्टी’ या शब्दापाशी अडकले. मी ‘निष्ठा’ म्हटलं. बाबांनी मान हलवली. “निष्ठा राजकारणात असते. मैदानावर ‘आपला’ म्हणतात. हा आपला, तो त्यांचा. याचं काय, की तो दोघांचा आपला झाला.” हे मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. ‘अवर्स’ एवढंच हाती लागलं, आणि गाईड म्हणाले, “बरोबर, अवर्स!” पोरगा म्हणाला, “नो, अवर्स.” म्हणजे भाषांतर पोचलं.

जुनं मैदान, बेसबॉल ग्राउंड, पाडून तिथे घरं झाली आहेत. पाच मिनिटं. खाली उतरायचीही गरज नाही.

मग ए-५२. डर्बी ते नॉटिंगहॅम हा जेमतेम चोवीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता, आणि त्याला २००५ पासून नाव आहे ब्रायन क्लफ वे. क्लफ फॉरेस्टचे मॅनेजर होते तेव्हाही घर डर्बीच्या बाजूलाच ठेवून राहायचे, रोज ये-जा. गाईडचा सगळा युक्तिवाद याच रस्त्यावर उभा आहे: नोकरी तिकडे, घर इकडे, शेवटचा श्वासही डर्बीतच, २० सप्टेंबर २००४. “माणूस कुठला, तर संध्याकाळी जिथे परततो तिथला.” पोरग्याचा युक्तिवाद छोटा होता: “दोन युरोपियन कप.” आता ज्याला चॅम्पियन्स लीग म्हणतात ती स्पर्धा फॉरेस्टने लागोपाठ दोनदा जिंकली, १९७९ म्युनिकमध्ये, १९८० माद्रिदमध्ये. इंग्लंडची लीग त्यांनी आयुष्यात एकदाच जिंकली, १९७८ ला. देशापेक्षा युरोप जास्त वेळा जिंकलेला दुसरा क्लब नाही.

नावाची पाटी आली तेव्हा फोटोसाठी गाईडनी गाडी इतकी हळू केली की मागच्या ट्रकने भोंगा वाजवून वाजवून कान किटवले. फोटोत ट्रकच आला. अर्धा तारा इथे गेला, ड्रायव्हर असून असं करू नये.

याच टापूत गाडीत खरा वाद झाला, आणि या ४५ पौंडांत मला सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर ते हे. बाईंनी विषय काढला, की मेलेल्या मॅनेजरला मान द्यायचा म्हणजे कोणी, किती आणि कुठे. त्यांनी १९९४ चं सांगितलं. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी वारले, देशभर मैदानांवर मिनिटभर शांतता पाळली, आणि ब्लॅकबर्नला लीड्सच्या काही पाठीराख्यांनी मधेच आपल्या जुन्या मॅनेजरच्या, डॉन रीव्हीच्या, नावाच्या आरोळ्या दिल्या. त्यांच्याच तेव्हाच्या मॅनेजरला मान खाली घालावी लागली. गाईड म्हणाले, असल्यांना मैदानात घेऊच नये. बाईंनी लगेच दुसरं टोक सांगितलं: २००८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघाताला (त्यात युनायटेडचे खेळाडू गेले होते) पन्नास वर्षं झाली तेव्हा युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्यांच्या गावच्या वैऱ्यांची, मँचेस्टर सिटीचीच, माणसं पाहुणी होती. सगळ्यांनी धसका घेतला होता, आणि त्यांनी मिनिटभर चकार शब्द काढला नाही. आजकाल बऱ्याच ठिकाणी शांततेऐवजी टाळ्या वाजवतात. त्याचं एक कारण असं सांगतात, की टाळ्यांत एखादी शिवी बुडून जाते. गाईडना टाळ्या मान्य नाहीत. “टाळ्या नाटकाला.”

आणि त्यांनी २१ ऑक्टोबर २००४ सांगितला. क्लफ यांची स्मरणसभा डर्बीच्या कॅथेड्रलमध्ये व्हायची होती, पण माणसं इतकी यायला लागली की ती प्राइड पार्कवर न्यावी लागली. १४ हजारांहून जास्त लोक आले, त्यात फॉरेस्टचेही, डर्बीच्या मैदानात. गाईडच्या शेजारी लाल मफलरवाला बसला होता. “उठताना त्याने हात पुढे केला. मी दिला. घरी जाऊन बायकोला सांगितलं नाही.”

लिव्हरपूलवाले गृहस्थ अजून काही बोलले नव्हते.

सिटी ग्राउंड, फॉरेस्टचं मैदान, ट्रेंट नदीच्या काठावर. एका स्टँडला क्लफ यांचं नाव आहे, समोरच्याला बऱ्याच उशिरा टेलर यांचं दिलं. इथे या टूरची गंमत बघा: गाईड व्हॅनमधून उतरतच नाहीत. गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि पोरग्याला म्हणाले, “तू सांग. मी या फरशीवर पाय ठेवत नाही.” ४५ पौंड घेऊन गाईड गाडीत बसतो हे मला पटलं नाही आणि तसं मी बोललेही. पण पोरग्याने जे सांगितलं ते सकाळपेक्षा सरस होतं, हेही खरं. १९७७ ते ७८ लीगमध्ये सलग ४२ सामने अपराजित. १९८९ मध्ये मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांना क्लफनी स्वतः थोबाडीत हाणल्या, नंतर टीव्हीवर त्यांच्याकडून गालाचा मुका घेतला, दंड भरला. आणि १ मे १९९३: घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, शेफील्ड युनायटेडकडून ०-२ हार, संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, म्हातारा दारूने पोखरलेला, आणि अख्खं मैदान उभं राहून त्याच्या नावाने गातंय. पोरगा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण असा सांगत होता जणू वडिलांच्या खांद्यावरून बघितलंय. आपल्याकडे नाही का, पानिपत सांगणारा माणूस सदाशिवरावभाऊंना हत्तीवरून उतरताना स्वतः पाहिल्यासारखं सांगतो.

बाई मात्र पोरग्याच्या भक्तीत वाहून गेल्या नाहीत. जस्टिन फॅशनूचं नाव त्यांनीच घेतलं. १९८१ मध्ये दहा लाख पौंडांना घेतलेला खेळाडू. तो समलिंगी आहे हे कळल्यावर क्लफ त्याच्याशी जसे वागले ते त्यांना अजून पचत नाही. “मी मान खाली घालते, पण डोळे उघडे ठेवून,” म्हणाल्या. बाबांना हे मी हळू आवाजात सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

जवळच ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान आहे. बाबांना नुसतं बाहेरून बघायचं होतं. गाईड ‘वेळ नाही’ म्हणाले. दोन मिनिटांचा रस्ता, क्लफ स्वतः क्रिकेटवेडे. ही माझी तिसरी तक्रार.

जेवण: कॉब ताजा होता, चहा कढलेला. नॉटिंगहॅममध्ये बाईंनी आम्हाला एका गाड्यावर मश्शी पीज खायला घातले, वर पुदिन्याचं आंबट पाणी. बाबांनी दोन चमचे खाऊन निकाल दिला: “वाटाण्याची उसळ करायला घेतली आणि फोडणी द्यायची विसरली.” तरी वाटी संपवली.

आता हा सगळा दिवस ज्यासाठी आहे तो पुतळा. किंग स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट मिळतात तिथे, ओल्ड मार्केट स्क्वेअरजवळ. २००८ च्या नोव्हेंबरात पत्नी बार्बरा यांनी अनावरण केलं. पैसे लोकांच्या वर्गणीतून जमले. इथे क्लफ एकटेच, दोन्ही हात एकमेकांत गुंफून वर धरलेले, गर्दीचा निरोप घ्यावा तसे. नऊ फुटी. पायाशी कोणीतरी ठेवलेला कागदी कप.

गाईड इथे उतरले. डोक्यावरची टोपी काढली, खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि जाहीर केलं, “एक मिनिट. सगळे.” विनंती नव्हे, हुकूम. पोरगा सावधानमध्ये. बाई डोळे उघडे ठेवून. लिव्हरपूलवाले दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, “मी नाही. तुमचं चालू द्या.”

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल विरुद्ध फॉरेस्ट, क्लफ यांचाच संघ समोर. चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. आणि १९९४ च्या आत्मचरित्रात क्लफनी त्याचं खापर लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांवर फोडलं. २०१६ च्या चौकशीत ज्युरीने स्पष्ट सांगितलं, प्रेक्षकांचा दोष नव्हता. तोवर क्लफ जाऊन साडेअकरा वर्षं झाली होती.

गाईड म्हणाले, “मेलेल्या माणसापुढे आज तरी सोडून द्या.” गृहस्थ म्हणाले, “मी कप मोजायला आलोय. मान खाली घालायला नाही. बायकोने तिकीट काढलं.” गाईडचा आवाज चढला: माझ्या टूरवर सगळे उभे राहतात, आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. बाई लालबुंद. शेजारून ट्राम घंटा वाजवत गेली. दोन मुली पुतळ्यासारखे हात वर करून सेल्फी काढत होत्या. स्टॉपवॉच चालू.

आणि बाबा रांगेतून निघाले. मला वाटलं पाय दुखतायत. ते गेले आणि त्या गृहस्थांच्या शेजारी उभे राहिले. टोपी काढून हातात धरली, तोंड पुतळ्याकडे, पण पाय तिकडे, त्यांच्या रांगेत. बोलले काही नाहीत. इंग्रजी येतं कुठे. ते मिनिट तसंच संपलं.

परतीच्या वाटेवर गृहस्थांनी मला विचारलं, “तुमचे वडील माझ्याकडे का आले?” बाबांनी सांगितलं आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. मलाही ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती.

गावातल्या एका तालमीचे कोच वारले. नव्वदच्या आसपासचं साल. मोठा माणूस, बाबांच्या संघाला दरवर्षी हरवणारा. बाबांनी प्रॅक्टिसआधी पोरांना रांगेत उभं केलं, दोन मिनिटं श्रद्धांजली. एक पोरगं उभं राहिना. खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिलं. त्याला त्या कोचने निवड चाचणीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हमालाच्या पोराला बूट कशाला पाहिजेत. बाबांना हे माहीत होतं. तरी त्यांनी त्याला कानाखाली वाजवली आणि सामन्यातून काढलं. “लेफ्ट विंगला होतं. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आलं नाही. तसला लेफ्ट विंग मला पुन्हा मिळाला नाही.”

हमाल याला मी पोर्टर म्हटलं. गृहस्थांना ते नीट कळलं. बंदरावरच्या गावचे ते. त्यांनी विचारलं, तो मुलगा आता कुठे आहे?

“बिंदू चौकात रिक्षा लावतो,” बाबा म्हणाले. “मी त्याच्या रिक्षात बसत नाही. बसलो तर पैसे घेत नाही.”

पुढच्या सीटवर गाईडनी रेडिओ बंद केला होता. नॉटिंगहॅमहून डर्बीला येताना ब्रायन क्लफ वेची पाटी दुसऱ्या बाजूला लागते. या वेळी त्यांनी गाडी हळू केली नाही.

स्टेशनवर उतरताना ते गृहस्थांना इतकंच म्हणाले, “कॉब एक उरलाय, नेता का?” त्यांनी नेला.

पंधरा दिवसांनी शेजारणीसाठी फोन केला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, मिनिटभर अजून उभं करता का. म्हणाले, करतो, पण आता आधी विचारतो, आणि ज्याला नको त्याच्या हातात थर्मास देतो. सिटी ग्राउंडला उतरता का, हेही विचारलं. तिथे मात्र उत्तर जुनंच.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. व्हॅनची पायरी उंच आहे, गुडघेदुखीवाल्यांनी पुढची सीट मागून घ्या. मागच्या सीटवर हीटर पोचत नाही. फोन सकाळी दहाच्या आत करा. डर्बीचा घरचा सामना असेल त्या दिवशी उचलत नाहीत. पैसे रोख. आणि कांदा चालत नसेल तर आदल्या दिवशीच सांगा.